रि: अण्णांचा निधी – बाहेरून आत्ता कोणी पैसे पाठवू नका

प्रेषक: खजिनदार

मंडळी, आपले ठाण्यातले फोटोग्राफर अण्णा गेले, त्यांच्या नावाने शिष्यवृत्तीचा निधी जमवायची मेल रविवारी गेली, त्यानंतर परदेशातून दोघांनी पैसे पाठवले म्हणून घाईने लिहितोय. पावती फाडलेली नाही, रक्कम परत करायला बँकेला कळवलंय. आपल्या मंडळाकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांचे स्वतःच्या बचतीतले, बँकेतून आलेले पैसे चालतात, राहायला कुठेही असोत. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे नाही चालत, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी नाही, ती परदेशी देणगीच धरली जाते. पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध आणि त्याच दिवशी शिष्यवृत्ती जाहीर करू असं आपण सगळ्यांना सांगून बसलोय, ते माझ्याही डोक्यावर आहे. पण पाठवायच्या आधी पासपोर्ट कुठला ते एका ओळीत कळवा.

प्रेषक: न्यू जर्सी

खजिनदारकाका, त्या दोघांतला एक मी. नियम मान्य आहे, पण वाईट वाटलं हे सांगतोच, इतकी वर्षं चालत होतं की. माझ्या पहिल्या व्हिसाचा फोटो अण्णांनी काढला होता, दोन इंच बाय दोन इंच, गोखले रोडवरच्या एका दुकानाने साइझ चुकवलेला म्हणून संध्याकाळी धावत त्यांच्याकडे आलो, ते दुकान बंद करत होते, शटर परत वर केलं, पट्टीने हनुवटीपासून डोक्यापर्यंत मोजलं, रात्री साडेनऊला प्रिंट हातात दिली. पैसे काढले तर म्हणाले परत आलास की दे. मग मी येत राहिलो, दर वेळी चहा झाला, ते पैसे राहूनच गेले. ते मला आता द्यायचेत, कुठल्याही मार्गाने. डिसेंबरात येतोय, पैसे नाही चालत तर निगेटिव्ह स्कॅनर घेऊन येऊ का मंडळाला? ती तर वस्तू झाली.

प्रेषक: पाचपाखाडीच्या ताई

न्यू जर्सीकर, तुझं वाचून डोळे भरले रे. माझ्या आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, त्यामुळे ती कधी फोटोला उभीच राहायची नाही. अण्णा तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचे, सँडपेपरवर घासून घासून शिसं सुईसारखं करायचे आणि एकेक वण भरत जायचे, तासभर मान वर नाही. आईचा एकटीचा फोटो काढला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, वहिनी, घालवू की राहू देऊ? आई जरा थांबून म्हणाली राहू द्या. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे आणि त्यात ती माझी आईच दिसते. घरोघरी असे फोटो असणार, लोकांना ते आणायला सांगून प्रदर्शन करू या ना. कापूरबावडीचं कलाभवन चांगलं आहे पण नौपाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथवर जाणं होत नाही, तलावपाळीच्या जवळपास कुठे बघा.

प्रेषक: खजिनदार

स्कॅनरही नको. मंडळाला भेट दिलेली वस्तूसुद्धा त्याच कायद्यात देणगी धरतात, सीएंना आजच विचारलं. आणि नोंदणीच का करून घेत नाही असं तिघांनी फोन करून विचारलं म्हणून इथेच सांगतो, त्यासाठी मागच्या तीन वर्षांत मिळून किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात, शिवाय खातं दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उघडायचं. आपण तीन वर्षांत दिवाळी पहाट, बालनाट्य शिबिर आणि वाचनालयाची कपाटं एवढंच केलंय, त्या आकड्याच्या जवळपासही नाही. प्रदर्शनाचा विषय वेगळ्या मेलमध्ये घ्या.

प्रेषक: स्वागतयात्रा समिती

प्रदर्शनाचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. पाडव्याच्या यात्रेचे फोटो समितीला विचारल्याशिवाय लावू नयेत. कौपिनेश्वरापासून पालखीबरोबर अण्णा पहाटे साडेपाचपासून चालायचे, त्यांच्याबद्दल आदर कोणापेक्षा कमी नाही, पण रोल आणि धुलाईचे पैसे समिती देत आली आहे. यापूर्वी आमचे फोटो एका बॅनरवर न विचारता लागले होते, तो अनुभव पुन्हा नको.

प्रेषक: अण्णांकडे शिकलेला (वर्तकनगर)

काका, तुमचं बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडेच जातो. म्हणजे यात्रेचे तुमचे, लग्नांचे त्या त्या घरांचे. पण अण्णांनी स्वतःहून काढलेलं सगळं, मासुंदा तलावावरची पहाट, गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या विंगेतली नाटकं, येऊरचे पाडे, २६ जुलै २००५ च्या पावसानंतरचं ठाणं, ते त्यांच्या मुलांचं, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत फोटोग्राफर गेल्यावर साठ वर्षं. यात्रेची पाकिटं मी वेगळी काढून तुमच्याकडे यादी देतो, अण्णांच्या वहीत तारखा आहेत.

पण मंडळी, आपण पैशावर भांडतोय आणि तिकडे निगेटिव्ह मरतायत. मी परवा दुकान उघडलं होतं. पत्र्याच्या तिसऱ्या डब्याचं झाकण काढलं आणि व्हिनेगरचा भपकारा आला. जुन्या फिल्मचा बेस अ‍ॅसिटेटचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो, दमट हवेत तो कुजायला लागला की हाच वास येतो, फिल्म आकसते, कडा लाटेसारख्या होतात, आणि त्या आम्लाने शेजारचे रोलही बिघडतात. रंगायतन असं लिहिलेलं एक पाकीट उघडलं, अण्णांचं अक्षर, "विंगेतून, १/१५, रोल पुश केला, श्वास रोखून", म्हणजे उजेड कमी म्हणून शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं आणि रोल जास्त वेळ डेव्हलप केलेला. सहा फ्रेमची पट्टी बाहेर ओढली तर सरळच होईना. रंगायतन १९७८ चं, त्याच्या पहिल्या वर्षांतले हे फोटो, दुसरी प्रत कुठेही नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत वासाचे डबे बाकीच्यांपासून लांब न्यायला हवेत, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून बटरपेपरच्या पाकिटात घालायला हवेत, आणि चांगल्या लॅबकडून ४००० डीपीआयने (इंचाला ४००० ठिपके) स्कॅन, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमला दोन कोटींवर पिक्सेल येतात. घरच्या साध्या स्कॅनरने नका करू, हे परत परत काढता येणार नाही.

आणि शिष्यवृत्तीबद्दल. शाल, श्रीफळ, चेक आणि स्टेजवर फोटो असं नको, हात जोडून सांगतो. मी अकरावीत असताना अण्णांनी मला कॅमेरा दिला आणि एक रोल, म्हणाले छत्तीस फ्रेम आहेत, महिना पुरव. महिन्यानंतर काँटॅक्ट शीट (सगळ्या फ्रेमचे छोटे प्रिंट एकाच कागदावर) काढून भिंग घेऊन बसले, छत्तीसपैकी दोनवर तांबड्या पेन्सिलने खूण केली आणि त्या दोनचे मोठे प्रिंट स्वतःच्या पेपरवर काढायला लावले, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चेहरा उमटताना लाल दिव्यात मी पहिल्यांदा बघितला तो त्या दिवशी. असं अकरा जणांना शिकवलंय त्यांनी, फी कधी घेतली नाही. तेच करू. दरवर्षी ठाण्यातली दोन मुलं, वर्षभर रोल आणि प्रिंटचा खर्च मंडळाचा, महिन्यातून एक रविवार आम्ही शिकलेले कोणीतरी त्यांच्याबरोबर बसू.

प्रेषक: अण्णांची धाकटी, टोरांटो

सगळं वाचलं. बाबांच्या पाकिटावरचं ते "श्वास रोखून" वाचल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

खजिनदारकाका, माझाही पासपोर्ट आता कॅनडाचा, म्हणजे मी माझ्याच वडिलांच्या निधीला देऊ शकत नाही. पण निगेटिव्ह दादाच्या आणि माझ्या आहेत ना? मग आमच्या वस्तूचं स्कॅनिंग मी करून घेते, लॅबचं बिल माझ्या नावाने, मंडळाच्या खात्याला स्पर्शच नको. एवढं सीएंना विचारा. स्कॅनची एक पूर्ण प्रत आम्ही मंडळाला वापरायला देऊ, लेखी देऊ. रोल देण्याची कल्पना बाबांना आवडली असती. एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र), ट्रे, लाल दिवा, सगळं मुलांसाठी ठेवा, दादा ते विकणार होता, त्याच्याशी मी बोललेय. यात्रेच्या काकांना सांगा, त्यांचा एकही फोटो विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

प्रेषक: न्यू जर्सी

धाकटे, लॅबच्या बिलात मी भागीदार, तुला थेट देतो, नाही म्हणू नकोस. त्या व्हिसाच्या फोटोचे आहेत.

प्रेषक: खजिनदार

सीएंशी बोललो. मुलीने स्वतःच्या मालकीच्या निगेटिव्हचं काम स्वतःच्या पैशाने करून घेणं हा मंडळाचा व्यवहारच नाही, त्याला हरकत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे इथल्या सभासदांकडून आणि भारतीय पासपोर्टवाल्यांकडूनच घेऊ, दोन मुलांच्या रोलपुरते जमतील.

डबे हलवायला शनिवारी सकाळी आठला दुकानापाशी या, गाडी पाचपाखाडीच्या ताईंचा मुलगा आणतोय. किल्ली वर्तकनगरकडे आहे. वासाचे तीन डबे आधी, वेगळ्या गाडीत.