काजूच्या बागेत फासकी (शिकारीचा तारेचा फास) सापडली, कामाला बायका आहेत, काय करू?

व्हाळाकाठचा:
नमस्कार मंडळी. दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग आहे, एका बाजूला गडगा (दगडी कुंपण), खाली व्हाळ (ओढा) आणि व्हाळापलीकडे जंगलच. सध्या काजू गोळा करायचं काम जोरात आहे, सकाळी साडेसहाला मी, आई आणि वाडीतल्या तीन बायका बागेत असतो. बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) वासावर रात्री जनावरं येऊन जातात, त्याचं काही वाटत नाही, लहानपणापासून बघतोय.

पण मंगळवारी व्हाळाच्या वर गवा उभा होता, एकटाच, मोठा नर, माझ्यापासून वीस पावलं असेल. काकी खाली वाकून काजू वेचत होत्या त्यांना पत्ताच नाही, मी हाक मारायला तोंड उघडलं पण आवाजच फुटेना. त्याने एकदा जोरात फुरफुर केलं आणि वळून वर चढला, बस्स. हात दुपारपर्यंत थरथरत होते.

त्यापेक्षा वाईट कालचं. गडग्याच्या ज्या खिंडीतून आम्ही रोज आत येतो तिथे करवंदीच्या जाळीत फासकी, गाडीच्या क्लच वायरची, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खुंटाला घट्ट बांधलेली. आमचा कुत्रा पुढे होता म्हणून दिसली, थोडक्यात वाचला. त्याच्या आदल्या रात्री दोन बार ऐकले होते आणि हेडटॉर्चचा उजेड पण दिसलेला. कोण असेल ते साधारण कळतंय, वाडीतलेच आहेत, उद्या लग्नाकार्यात समोरासमोर यायचंय. फासकी मी काढून टाकू का? वनखात्याला सांगितलं तर आमच्या जमिनीत सापडली म्हणून आमच्यावरच येईल का?

सड्यावरून:
आधी हात लावू नको. मोबाईलवर फोटो काढ, खुंट, वायर आणि आजूबाजूची जागा दिसेल असे, आणि लगेच १९२६ ला फोन कर, वनविभागाची हेल्पलाईन आहे, किंवा तुमच्या भागाच्या वनरक्षकाला. तू स्वतः पहिल्यांदा कळवलंस हीच तुझी बाजू, उलट गप्प राहिलास आणि उद्या त्यात बिबट्या अडकला तर पंचनाम्यात जमीन तुझी लागणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फासकी लावणं म्हणजे शिकारच धरतात, आणि बिबट्या किंवा गवा असेल तर तीन ते सात वर्षं कैद आहे. ती डुकरासाठी लावलेली होती म्हणून सुटका होत नाही. पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायला खात्याकडे रीतसर परवाना मागता येतो, फासकीचा परवाना कोणी देत नाही.

आणि एक, त्यात जनावर जिवंत अडकलेलं दिसलं तर बघायला गर्दी करू नका आणि वायर कापायला तर अजिबात जाऊ नका. बिबट्याच्या कमरेत ती वायर बसली की तो जितका ओढतो तितकी आवळत जाते, आतून इजा होते, आणि माणसं बघून तो शेवटची ताकद लावतो, कधी खुंटासकट सुटून येतो. मी एकदा लांबून बघितलंय, त्याचा तो आवाज अजून कानात आहे.

मांगरातला:
माझे वडील आयुष्यभर पारधीला जायचे म्हणून हे मनापासून लिहितोय. रात्री उजेडात डोळे चमकले किंवा झुडूप हललं की बार टाकतात, पलीकडे माणूस आहे की डुक्कर हे तेव्हा कळत नाही. आमच्याच गावात हाक्याला (जनावर हुसकून बंदुकीसमोर आणतात तेव्हा) बसलेल्या माणसाच्या मांडीत छर्रे गेले, तो अजून लंगडतो. वडिलांनी त्या दिवसानंतर बंदूक हातात घेतली नाही. तर अंधारात बागेत जाऊच नका, चांगलं उजाडू दे, काजू तासभर उशिरा वेचला तर काही बिघडत नाही. बायकांना लाल-पिवळं भडक काहीतरी डोक्याला बांधायला सांग आणि जोरजोरात बोलत जा.

गव्याचं म्हणशील तर तो तुझी वाट बघत नसतो, त्याला जायला मोकळी जागा हवी असते. त्याच्या आणि व्हाळाच्या मधे उभं राहू नये, दगड मारू नये, मोठं झाड किंवा गडगा आडोशाला घेऊन हळूहळू मागे यायचं. एकटा नर आणि पिल्लूवाली मादी ह्यांच्यापासून फार सांभाळून. कुत्रा मात्र बांधून ठेव, तो भुंकून गव्याला डिवचतो आणि मग घाबरून तुझ्याच पायात येतो, मागोमाग गवा.

वाडीकर:
आमच्या गावात पण ह्याच चालता. वाकान वेचणारो माणूस बिबट्याक लहान जनावर वाटता, म्हणान दोघा-दोघांनी रवा, एकान वेचूचा आणि एकान बघूचा. काम कमी होता पण होऊ दे.

व्हाळाकाठचा:
सगळ्यांचे खूप आभार. काल फोन केला, आज सकाळी वनरक्षक आणि अजून दोघे आले, पंचनामा केला, माझा जबाब घेतला, नीट बोलले. मी एकच फासकी सांगितली होती, त्यांनी गडग्याच्या कडेने चालत जाऊन अजून तीन काढल्या. शेवटची व्हाळाच्या उताराला होती, तिच्या फासात काळे राठ केस अडकलेले आणि खालची माती पूर्ण उकरलेली, जनावर कसंतरी सुटलं असणार. आई तिथेच खाली बसली, म्हणाली काकी कालच ह्या वाटेने पाण्याला गेल्या होत्या.