मदत हवी आहे: फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत प्रीव्हियसनंतर लिहिलेला शब्द (म्हणजे कमांड) गायब!

खटपट्या: सेन्सर आणि डिस्प्ले अशा दोन व्होकॅब्युलरी (शब्दांच्या वेगळ्या याद्या) हव्यात, दोन्हींत इनिट (सुरुवातीची तयारी करणारा शब्द) आहे म्हणून. सेन्सरचं संपवून पुढे 'तपासणी' हा शब्द लिहिला. कंपाइल बिनबोभाट होतो, चालवला की 'अनडिफाइन्ड वर्ड'. लवकर सांगा, काम अडलंय.

उलटसुलट: कोणतं फोर्थ? आणि कोड कुठाय?

खटपट्या: जीफोर्थ. कोड साधाच आहे हो:

ओन्ली फोर्थ डेफिनिशन्स
व्होकॅब्युलरी सेन्सर
व्होकॅब्युलरी डिस्प्ले
ऑल्सो सेन्सर डेफिनिशन्स
: इनिट ... ;
प्रीव्हियस
: तपासणी ... ;
तपासणी

निरागस_बिट: सेन्सर-इनिट, डिस्प्ले-इनिट अशी नावं द्या की. एवढा खटाटोप कशाला?

जुनं_खोड: नको असलेले शब्द काढायला मार्कर वापरा. मार्करने केलेला शब्द चालवला की तो आणि त्यानंतरचं सगळं पुसलं जातं.

खटपट्या: पुसायचं नाहीये काका, सापडायला हवंय!

उलटसुलट: शब्द शोधायचे कुठे आणि नवे ठेवायचे कुठे, या दोन गोष्टी फोर्थ वेगवेगळ्या सांभाळतं. प्रीव्हियसने शोधक्रमातली सर्वांत वरची यादी काढली, पण ठेवायची जागा सेन्सरच राहिली. तपासणी तिथे जाऊन बसला आणि सेन्सर तर आता शोधातच नाही. प्रीव्हियसनंतर पुन्हा डेफिनिशन्स लिहा, म्हणजे ठेवायची जागा शोधातल्या वरच्या यादीत येईल. शंका आली की ऑर्डर चालवा, दोन्ही दिसतं.

जुनं_खोड: ऑल्सो-ओन्लीचा हा घोळ फोर्थ-83 मध्ये रॅग्सडेल यांचा प्रायोगिक प्रस्ताव म्हणून आला आणि चिकटला. 1994 च्या आन्सी (अमेरिकी) मानकातही ते दोन्ही शोधक्रमाच्या विस्तारात आहेत, शोधक्रमाच्या मूळ संचात गेट-ऑर्डर (क्रम वाचणारा) आणि सेट-ऑर्डर (क्रम ठरवणारा). वर्डलिस्टने यादी करा आणि क्रम स्वतः मांडा: गेट-ऑर्डर, मग यादीचा क्रमांक, स्वॅप (वरच्या दोन आकड्यांची अदलाबदल), 1+ (एकाने वाढ), सेट-ऑर्डर.

उलटसुलट: नवख्याला हे? चुकून 0 सेट-ऑर्डर दिलं तर एकही शब्द सापडणार नाही, बसा मग.

जुनं_खोड: मग चुकून देऊ नये.

खटपट्या: तपासणी चालला! पण पुढे 'डिस्प्ले डेफिनिशन्स' लिहिलं तर आता साधे शब्दही ओळखत नाही?

उलटसुलट: आधी ऑल्सो नाही लावलं ना? व्होकॅब्युलरीचं नाव नवी जागा करत नाही, सर्वांत वरच्या यादीच्या जागी बसतं. तुमच्याकडे वर फोर्थ होतं, ते गेलं. ऑल्सो आधी वरच्या यादीची प्रत करतं, मग त्या प्रतीवर डिस्प्ले बसतो.

खटपट्या: बरं. आणि डिस्प्लेमधल्या शब्दात सेन्सरचा इनिट हवा असेल तर?

निरागस_बिट: सेन्सर-इनिट.

उलटसुलट: त्या व्याख्येपुरतं आधी ऑल्सो सेन्सर, नंतर प्रीव्हियस. मध्येच डेफिनिशन्स लिहू नका. एकदा कंपाइल झालं की तो इनिट पक्का, पुढे शोधक्रम कितीही बदला. मात्र तेव्हा सेन्सर वर असल्याने साधं इनिट लिहिलं तर डिस्प्लेचा मिळणार नाही.

निरागस_बिट: बघा, पुन्हा गोंधळ. मी काय म्हणत होतो?