रेझांग लाला तोफखान्याचा आधार का मिळाला नाही?

प्रश्न असा आहे की १९६२ च्या चीन युद्धात लडाखमधल्या रेझांग ला खिंडीवर लढलेल्या, १३ कुमाऊं या पलटणीच्या चार्ली कंपनीला तोफांनी मदत का केली नाही. कारण भूगोलात आहे. चुशूल गावाकडच्या आपल्या तोफा आणि रेझांग ला यांच्या मध्ये डोंगर आडवा येत होता, त्यामुळे गोळे तिथवर पोचूच शकत नव्हते. सोळा हजार फुटांवर जवळपास १२० जवान, हातात जुन्या .३०३ रायफली, अंगावर त्या थंडीला न पुरणारे कपडे. बहुतेक हरियाणाकडचे अहीर, मैदानी मुलखातली शेतकऱ्यांची पोरं. १८ नोव्हेंबरच्या पहाटे चिन्यांचा हल्ला झाला. कंपनीचे प्रमुख मेजर शैतानसिंह जखमी होऊनही एका प्लाटूनकडून दुसऱ्या प्लाटूनकडे जात राहिले.

मला मात्र सगळ्यात जास्त हलवून जातं ते पुढचं. १९६३ च्या सुरुवातीला शोधपथक वर गेलं, तेव्हा जवान खंदकांतच गोठलेले सापडले, कित्येकांच्या हातात शस्त्रं तशीच. वैद्यकीय मदतनीस धरमपाल दहिया यांच्या हातात तर इंजेक्शनची सिरिंज होती. शंभराहून जास्त जण गेले होते. मेजरसाहेबांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, कंपनीला आठ वीर चक्रं. धरमपाल त्या आठांतले एक.