निळी गोळी की ताट?

म्हादईकाठ: गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. आठवड्यातून एकदा मुलींना लोहाची निळी गोळी देतो: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. हे २०१३ च्या सुमारास सुरू झालं, तरी मुली प्रार्थनेला उभ्या असताना चक्कर येऊन बसतातच. बसणारच. सकाळी पाव चहात बुडवून आलेल्या, आठवीपर्यंतच्यांना दुपारी माध्यान्ह आहारात परत पाव-भाजी. चहा तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. माझं मत स्पष्ट आहे: गोळ्यांचे हिशेब पुरे, आधी ताट सुधारा.

लॅबवाली: ऐकायला छान. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह हवं. १०० ग्रॅम नाचणीत जेमतेम साडेचार, त्यातलंही थोडंच रक्तात उतरतं. हिमोग्लोबिन १२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, रक्तक्षय. ८-९ वर आलेल्या पोरीला 'तांबडी भाजी खा गो' सांगून घरी पाठवणार का? तिला रोजचं औषध लागतं, काही महिने. ताट हवंच, पण औषधाच्या जागी नको.

किसमूर: दोघीही लोहापाशीच अडकलात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयातल्या ३२ टक्के मुलामुलींत जस्त कमी आढळलं. त्या निळ्या गोळीत जस्त नाही, ब-१२ जीवनसत्त्व पण नाही. तिसऱ्या, कालवं यांत दोन्ही असतात. गोव्यात राहून एवढं जमू नये?

म्हादईकाठ: वाळपईच्या बाजारात तिसऱ्यांचा वाटा केवढ्याला मिळतो ते एकदा विचारून या. समुद्र पणजीला, आम्ही डोंगरात. शिवाय सोमवार, गुरुवार, श्रावण धरला तर मासळीचे दिवस उरतात किती?

किसमूर: मग गालमो, म्हणजे सुका जवळा? सुकी मासळी डोंगरातही पोचते. नाहीतर अंडं.

केपेची आई: खाण्यावरच सगळं ढकलू नका. माझ्या मुलीला पाळीत इतकं रक्त जायचं की दर दोन तासांनी पॅड बदलावं लागे. शाळेत गोळी दिली, 'पालेभाजी खाते का' विचारलं, पाळीचं कुणीच नाही. उपाशीपोटी घेतल्यावर मळमळलं, मग पुढच्या गोळ्या दप्तराच्या तळाशी सापडल्या.

लॅबवाली: हा मुद्दा पटला. पाळीबद्दल विचारायलाच हवं. गोळी जेवणानंतर द्यावी, आणि शौचाला काळं होतं हेही आधी सांगावं, नाहीतर मुली घाबरून सोडून देतात. जंताची गोळीही तितकीच गरजेची, जंतांनीही रक्त जातं. पण म्हादईकाठ, 'हिशेब पुरे' हे अजूनही चूकच. हिशेबच नसेल तर कोणाचं हिमोग्लोबिन ८ आहे हे कळणार कसं?

म्हादईकाठ: हिशेब रक्ताचा ठेवा ना, वाटलेल्या गोळ्यांचा कशाला? आणि पाव-भाजीचं कोणीच बोलेना. त्याऐवजी अळसांद्याची (चवळीची) उसळ, वर लिंबू पिळून. आंबटाने लोह जास्त अंगी लागतं.

बचत गटातली: बोलते मी, आम्हीच करतो ती पाव-भाजी. पाव पदेराकडून, पाववाल्याकडून, तयार येतो, म्हणून वेळ साधतो. उसळ-भात म्हणजे आदल्या रात्री भिजवण, मोठी टोपं, गॅस आणि एक बाई जास्त. ताटामागचा दर वाढवून द्या, अळसांदे सोमवारपासून भिजत घालते.