जुनी मूळव्याध आहे, पुन्हा रक्त पडतंय. तेच मलम परत सुरू करू का?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. विषय अवघड आहे, पण इथे खरं नाव नाही म्हणून लिहितोय. वय ४७, राहायला ठाणे पूर्व, नोकरी रबाळे एमआयडीसीत अकाउंट्सला. दिवसभर खुर्ची. मूळव्याधीचा त्रास जुना आहे. काही वर्षांपूर्वी एका सर्जनने तपासून "मोड आहेत, ऑपरेशन लागणार नाही, कुंथू नका" असं सांगून मलम आणि इसबगोल दिलं होतं. त्याने बरं वाटलं. नंतर मार्च एंडिंगची जागरणं किंवा लग्नसराईची जेवणं झाली की एखाददोन दिवस रक्त दिसायचं आणि आपोआप थांबायचं.

यंदा गणपतीत सुरू झालं ते काही पुरतं थांबेना. रोज नाही, पण आठवडा कोरडा जात नाही. दुखत अजिबात नाही. पूर्वी शौच झाल्यावर लालभडक थेंब पडायचे. आता कधी तसं, तर कधी शौचेलाच लागलेलं, जरा काळपट. पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, स्टेशनला निघताना पुन्हा जावंसं वाटतं, त्यात पनवेल गाडी जाते.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आलं होतं. फॅमिली डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हापासून शौच काळीच होते, त्यामुळे गोळीचा रंग कुठला नि रक्त कुठलं ते समजत नाही. डॉक्टरांना रक्ताचं बोललो नाही, कारण कम्पाउंडर म्हणून त्यांच्या मिसेसच समोर बसतात.

बायको म्हणते मोठ्या डॉक्टरकडे चला. ऑफिसातला मित्र म्हणतो, लोकलमध्ये स्टिकर असतात त्या 'बिना ऑपरेशन'वाल्याकडे जा, एका इंजेक्शनात काम होतं. मी म्हणतो आजार तोच आहे तर मलमही तेच लावावं. अनुभव असलेल्यांनी सांगावं.

कळव्याचा बंड्या

दादा, टेन्शन घेऊ नका. आमच्या घरात आजोबांपासून हा त्रास आहे. मिरची, मिसळ, चिकन बंद. आठवडाभर सुरणाची भाजी आणि ताक. मला पण कधीमधी दिसतं, मी लक्षच देत नाही. उष्णता आहे, बाकी काही नाही.

नौपाड्याच्या सिस्टर

बंड्या, सुरण खा, ताकही पी, दोन्ही चांगलंच आहे. पण कोपरीकरांचं प्रकरण सुरणाचं नाही.

मी सर्जिकल वॉर्डात आणि नंतर दुर्बिणीच्या खोलीत नोकरी करून निवृत्त झालेली नर्स आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला काय झालंय ते मी सांगणार नाही. लवकर का जायचं तेवढं सांगते.

कोपरीकर, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाता जाता लिहून पुढे गेलात. हिमोग्लोबिन १०.४. पुरुषाचं १३ च्या वर असावं लागतं. बायकांना पाळी असते, बाळंतपणं असतात, त्यांचं कमी झालं तर कारण निदान समोर असतं. सत्तेचाळिशीच्या, दोन वेळ नीट जेवणाऱ्या पुरुषाचं लोह कमी होतं तेव्हा ते बहुधा पोटातून, आतड्यातून झिरपत असतं. कुठून, ते शोधायलाच लागतं. नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या की आकडा वर येतो, सगळे खूश होतात आणि गळती तशीच राहते. तुमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांना रक्ताचं ठाऊकच नव्हतं.

आता रंगाचं. मोडातून पडतं ते लालभडक, शौच झाल्यावर थेंब थेंब, कधी पिचकारीसारखं, आणि बहुतेक वेळा न दुखता. फिशर म्हणजे तिथे पडलेली चीर, तिचं रक्त थोडं पण वेदना जीवघेणी. शौचेत मिसळलेलं, काळपट लाल असेल तर ते जरा वरून, मोठ्या आतड्यातून येत असण्याची शक्यता धरतात. आणि जठर किंवा त्याच्या लगतच्या भागातून रक्त गेलं तर ते खाली येईपर्यंत पचतं आणि शौच काळी कुळकुळीत होते. चिकट, चकचकीत, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते आणि वास इतका उग्र की एकदा घेतला की विसरत नाही. त्याला ५०-१०० मिलिलिटर रक्तही पुरतं. लोहाच्या गोळीने होते ती काळी, हिरवट झाक असलेली. पण तो वास आणि तो चिकटपणा तिला नसतो. बीट खाल्लं तरी लाल दिसतं, त्यावरून रात्री अपरात्री फोन करणारे नातेवाईक मला आहेत.

पण रंगावरून घरी बसून निकाल लावायचा नाही. वरून जोरात रक्त गेलं तर तेही लाल येऊ शकतं. रंग डॉक्टरांना सांगण्यासाठी लक्षात ठेवायचा, एवढंच.

आणि मोड आहेत म्हणून वर दुसरं काही नाही, हे गणित कुणी लावू नका. मूळव्याध इतकी सर्रास असते की ज्याला आतड्याचा मोठा आजार आहे त्यालाही ती असू शकते. "माझं जुनंच आहे" म्हणत आलेले आणि वर गाठ निघालेले पेशंट त्या खोलीत मी पाहिलेत. गाठ न निघालेले त्याहून खूप जास्त पाहिले, हेही लिहिते, नाहीतर आज रात्री तुम्ही झोपणार नाही. पण तुमची तऱ्हा बदलली आहे. रक्ताची जागा बदलली, पोट साफ होत नाही, हिमोग्लोबिन उतरलं. जुना आजार नव्या तऱ्हेने वागू लागला की तो नवाच समजून तपासतात.

स्टिकरवाल्याकडे जाऊ नका. क्षारसूत्र म्हणजे औषधी दोरा बांधणं वगैरे करणारे पदवीधर आयुर्वेद सर्जन वेगळे, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते आधी तपासतात. न तपासता इंजेक्शन टोचणाऱ्याने रक्त थांबवलंच, तर आणखी वर्षभर तुम्ही निर्धास्त बसाल, हाच धोका.

तीन गोष्टी सांगा. वजन उतरलंय का? पाठ-गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? घरात कुणाला आतड्याचा आजार?

घोडबंदरची मीरा

कोपरीकरांशी याचा संबंध नाही, पण सिस्टरांनी फिशर लिहिलं म्हणून. बाळंतपणानंतर मला झालं होतं. काचेने कापल्यासारखं, आणि शौचेनंतर तासभर जळजळ. भीतीने जाणं टाळायचे, मग खडा व्हायचा, मग पुन्हा चीर. लेडी सर्जनकडे गेले. कोमट पाण्याच्या टबात बसणं, शौच मऊ करायचं औषध आणि लावायचं मलम, ऑपरेशन नाही. इसबगोल घेणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर उलटंच होतं. बायकांनी लाजून घरी कुढू नये, लेडी सर्जन ठाण्यात आहेत.

कोपरीकर

सिस्टर, वजन दोन-तीन किलो उतरलंय, पण मी ते पावसाळ्यातल्या धावपळीवर टाकलं होतं. पाठीसाठी गोळी घेतो, रोज नाही, गाडीत उभं राहावं लागलं की. रक्त पातळ करणारं काही नाही.

घरातलं विचारलंत म्हणून काल वहिनींना फोन केला. थोरल्या भावाचं साताऱ्याला आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तो ५२ चा होता. आम्हाला सांगितलं होतं की आतड्याला पीळ पडला होता. वहिनी काल म्हणाल्या, गाठ होती, केमोसुद्धा झाली. आई होती तेव्हा, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून कुणालाच सांगितलं नाही. भाऊ आता ठणठणीत आहे.

नौपाड्याच्या सिस्टर

भाऊ बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण लपवाछपवीचा हा प्रकार मला घरोघरी दिसतो आणि राग येतो. सख्ख्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर बाकीच्या भावंडांनी चाळिशीला, किंवा त्याला निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधीच्या वयाला, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यावी असं सांगतात. तुमच्या बाबतीत ते वय ४०. म्हणजे रक्ताचा थेंबही पडला नसता तरी तुमची तपासणी व्हायला हवी होती. बहिणी असतील तर त्यांनाही आजच सांगा.

या आठवड्यात जा. सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञ, दोन्ही चालतील. खासगी नको असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, सर्जरीच्या ओपीडीचा केसपेपर काढा. आधी बोटाने तपासतील, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग लहान नळीने मोड बघतील. कोलोनोस्कोपीचं त्यांनी काढलं नाही तर भावाचं आणि हिमोग्लोबिनचं सांगून तुम्ही स्वतः विचारा. पॉलिप म्हणजे छोटा कोंब सापडला तर बहुतेक वेळा त्याच वेळी काढून टाकतात. कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं लागतात, म्हणून तर आधी बघायचं.

तोवर पाठीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. (अँजिओप्लास्टी झालेल्या कुणी हे वाचून स्वतःची अ‍ॅस्पिरिन बंद करू नका! ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.)

आणि ओपीडीची वाट न बघता लगेच कधी निघायचं तेही वाचून ठेवा. भांडं भरून रक्त किंवा गुठळ्या पडल्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडून घाम सुटला, ती मी वर लिहिली तशी काळी चिकट शौच झाली, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, पोट दगडासारखं कडक होऊन दुखू लागलं, तर १०८ ला फोन करा आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. रात्र असली तरी. डेंग्यूच्या तापात रक्त किंवा काळी शौच दिसली तरी तसंच. ताप, मुरडा आणि आवेबरोबर रक्त असेल तर ते इन्फेक्शनही असू शकतं, पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

कळव्याचा बंड्या

सिस्टर, माझं वय ३४. मला पण दाखवायला लागेल का?

नौपाड्याच्या सिस्टर

हो. तू लक्षच देत नाहीस असं स्वतः लिहिलंयस. तरुणांमध्ये बहुतेक वेळा मोड किंवा चीरच निघते, पण ते कुणीतरी एकदा बघून सांगायला हवं. आजोबांना नक्की काय होतं तेही घरी विचार.

नेरूळचे नाना

कोलोनोस्कोपी माझी झालीय. तपासणीचं काहीच वाटत नाही, गुंगीचं इंजेक्शन देतात, उठलो तेव्हा संपलेली होती. खरी परीक्षा आदल्या दिवशी. दिवसभर पातळच घ्यायचं, नारळपाणी, गाळलेलं सूप, लाल रंगाचं काही नाही. मग पोट साफ करायची पावडर पाण्यात घालून प्यायची, मला दोन लिटर होतं. खारट लिंबूपाणी, दुसऱ्या लिटरला नको नको होतं. गार करून प्या.

सिडकोच्या वन आरकेत संडास एक आणि माणसं पाच. सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, मुलांना मावशीकडे पाठवा. पाणी वेळेवर येणारं असेल तर पिंप, बादल्या भरून ठेवा, हे कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी सोबत कुणीतरी हवंच, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, रिक्षाने घरी. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस आधी विचारून घ्यायचा.

कोपरीकर

सगळ्यांचे आभार. सोमवारी अर्धी रजा टाकलीय, बायको बरोबर येतेय. ताईलाही फोन केला, ती आधी रडली, मग म्हणाली मीही दाखवते. दोन शंका. ओपीडीला उपाशी जायचं का? आणि लोहाची गोळी बंद करू का?

नौपाड्याच्या सिस्टर

पोहे खाऊन जा, रांगेत चक्कर आली तर उगाच घोळ. लोहाची गोळी तोवर चालू ठेवा. दुर्बिणीची तारीख मिळाली की ती साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, कारण आतडं काळं राहतं आणि नीट दिसत नाही. कंपनीचा रक्ताचा रिपोर्ट, जुन्या सर्जनचा कागद असेल तर तो, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. वहिनींकडून भावाचा बायोप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, नुसतं "गाठ होती" हे डॉक्टरांना पुरत नाही. आणि केबिनमध्ये कोणीही बसलेलं असो, पहिलं वाक्य रक्ताचंच बोला.