कानात सतत 'टीं' वाजतंय, घरातही इअरप्लग घालू का?

रंधाकरवत: फर्निचरच्या कामात बरीच वर्षं आहे. दिवसभर रंधा मशीन नाहीतर गोल करवत चालू असते. अलीकडे दोन्ही कानांत बारीक 'टीं' असा आवाज येतोय. दिवसा जाणवत नाही, पण उशीवर डोकं टेकलं की सुरू. मुलगी बोलते ते ऐकू येतं, पण 'स' आणि 'श' पुसट येतात. भीतीपोटी आता घरातही फोमचे प्लग घालून बसतो. हे बरोबर आहे का? हा आवाज जाईल का? काम सोडणं शक्य नाही.

मिक्सरमागे: घरात घातलेले प्लग आजच काढा. मी कार्यक्रमांच्या साउंडचं काम करतो आणि माझ्याही कानांत अशीच शिट्टी आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

आतल्या कानात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा येत नाहीत. मार बसतो तो बहुधा आधी 4000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच, बारीक सुरांवर, 'स-श' पुसट होतात ते यामुळेच. तिकडून येणारे संदेश कमी झाले की, रेडिओ नीट लागेना म्हणून आपण आवाज वाढवावा तसं मेंदू करतो, आणि त्यातून ही शिट्टी उमटते असं मानलं जातं. शांत खोलीत कान बंद करून बसलात तर मेंदू आणखी वाढवणार. पुढेपुढे भांड्यांचा आवाजही सोसेनासा होतो.

मशीनवर मात्र एक मिनिटही उघडे कान नकोत. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी: 88 ला चार तास, 91 ला दोन. 100 ला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि रंधा सहज तिथपर्यंत जातो.

फोमचा प्लग नुसता कानात कोंबून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक, बिनसुरकुतीची वात करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटतं.

रात्री पंखा किंवा पावसाचं रेकॉर्डिंग लावा, पण शिट्टीपेक्षा किंचित हळू. ती बुडवायची नाही, मेंदूला तिची सवय होऊ द्यायची. माझी शिट्टी गेलेली नाही, पण दिवसचे दिवस तिची आठवणही होत नाही. झोप आणि काळजीचा फेरा सुटत नसेल तर सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारं समुपदेशन, खरंच उपयोगी पडतं.

श्रवणतपासनीस: मी ऑडिओलॉजिस्ट आहे. आधी ईएनटीला दाखवा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. कधी नुसता मळ निघतो. ऐकणं कमी झालेलं असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांची शिट्टीही सौम्य होते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर तपासणी लांबवू नका. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइड लवकर सुरू केले तरच उपयोगाची शक्यता चांगली असते. चालू औषधंही सांगा. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, काही अँटिबायोटिक्स कानावर परिणाम करतात, पण मनाने काही बंद करू नका.

रंधाकरवत: दोघांचे आभार. ईएनटीची वेळ घेतली. एक अडचण आहे: करवत अडकली की आवाज बदलतो, त्यावरून कळतं. मफ, म्हणजे कानांवर बसणारे कप, घातल्यावर ते कसं ऐकू येणार? मधूनमधून काढले तर चालतील का?

मिक्सरमागे: काढू नका. आवाज सगळाच खाली येतो, त्यामुळे करवतीचा बदललेला सूर मफमधूनही कळतो, फक्त थोडे दिवस कानाला सवय लागते. 30 डेसिबल कमी करणारा मफ आठ तासांतला अर्धा तास जरी काढला, तरी दिवसभराच्या हिशेबात संरक्षण जेमतेम 12 डेसिबलवर येतं. कुणाशी बोलायचं असेल तर आधी मशीन बंद करा, मग मफ उचला.