मदत हवी आहे: मुलांच्या गोड पेयांबद्दल पालकांना तीन मिनिटांत नेमकं काय सांगायचं? (खानापूर-बेळगाव भाग)

मलप्रभाकाठ:
खानापूर तालुक्यातल्या दवाखान्यात लहान मुलं तपासते. "कोल्ड्रिंक देता काय?" विचारलं की उत्तर "नाही डॉक्टर", आणि पिशवीत आंब्याच्या ज्यूसचा पॅक. दात किडलेले, भूक नाही. "साखर कमी द्या" हे काही घरापर्यंत पोचत नाही. प्रश्न कसा विचारावा, आकडा कोणता सांगावा, बदल्यात काय द्यावं? गुळाचा चहा आणि उसाचा रस "घरचंच आहे" म्हणून मोकळे सुटतात, त्याचंही सांगा.

ताटवाटी (आहारतज्ज्ञ):
आधी प्रश्न बदला. कोल्ड्रिंक म्हणजे लोकांच्या लेखी फक्त काळी बाटली. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत पाणी सोडून काय काय प्यायला?" असं विचारा. चहा, दुधातली चॉकलेट पावडर, सरबत, सगळं बाहेर येतं. मग केवढा पेला आणि किती चमचे साखर, एवढंच.

आकडा असा: २ वर्षांखाली वरून साखर अजिबात नाही. त्यापुढे १८ पर्यंत दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमचे पाच चमचे, बिस्किटं धरून.

हिशेब आईकडूनच करून घ्या. लेबलवर १०० मिलीला जितके ग्रॅम, गुणिले बाटलीचे मिली, भागिले १००. आलेल्या आकड्याला ५ ने भागलं की चमचे. १०० मिलीला १०.६ ग्रॅम असलेला २५० मिली कोला म्हणजे २६.५ ग्रॅम, दिवसाचा कोटा एका बैठकीत संपला. आंब्याची पेयं बऱ्याचदा याहून गोड असतात. लेबल इंग्रजीत असतं, म्हणून 'शुगर्स'च्या ओळीवर पेनाने गोल करून दाखवा. हमखास चूक होते ती 'पर सर्व्ह'चा (एका वेळच्या मापाचा) आकडा वाचून: सर्व्ह २०० मिलीचा, बाटली ६०० ची.

गूळ साखरेसारखाच मोजा, चमच्याला चमचा. त्यातलं लोह थोडं, आणि चहासोबत तेही नीट शोषलं जात नाही. उसाच्या रसाचा २०० मिलीचा पेला म्हणजे अख्खा कोटा, बऱ्याचदा त्याहून थोडा जास्तच. पण आपल्याकडं शिवारातच ऊस. "रस बंद" म्हटलं तर कोण ऐकणार? कांडं सोलून चावायला द्या म्हणावं. पोटात कमी जातं, वेळही लागतो.

बालरोग_बेळगाव:
वरचं सगळं पटलं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स (बालरोगतज्ज्ञांची संघटना) हिच्या २०१९ च्या सूचनांनुसार ५ वर्षांखाली चहा-कॉफी नकोच. ५ ते ९ ला दिवसाला जास्तीत जास्त अर्धा कप.

जुलाबाचं वेगळं आणि ठासून सांगा. नावात 'ओआरएस' असलेली गोड पेयं पालक औषध समजून पाजतात. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. साखर त्याहून फार झाली की आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, पण घरात सवय आहेच. खऱ्या ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, वरून साखर नाही. दर जुलाबानंतर २ वर्षांखाली ५० ते १०० मिली, २ ते १० वर्षांना १०० ते २०० मिली, घोट घोट.

दंतवैद्य_शहापूर:
झोपताना साखरेच्या दुधाची बाटली तोंडात, हे सर्वांत वाईट. झोपेत लाळ कमी सुटते, वरचे पुढचे दात आधी जातात. दूध बिनसाखरेचं, पेल्यातून, मग दात घासून झोप. कोल्ड्रिंक प्यालाच तर जेवणासोबत एकदाच. तासभर घोट घोट नको. लगेच ब्रश नको, चूळ भरायची आणि अर्ध्या तासाने घासायचे.

मलप्रभाकाठ:
चहा तर आजीच देते, बिस्कीट बुडवून. आई म्हणते, माझं चालत नाही.

ताटवाटी:
मग पुढच्या वेळी आजीला सोबत आणायला सांगा आणि तिच्याशीच बोला, आईला मधे धरू नका. "अजिबात नको" म्हणून सुरुवात केली तर लपून देणं सुरू होतं. ५ वर्षांखालच्याला चहाच्या वेळी त्याच कपात कोमट दूध, साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत शून्यावर. बिस्किटाऐवजी भाकरीचा तुकडा किंवा केळं. उन्हाळ्यात मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक. कोकम द्यायचं तर सुक्या आमसुलाचं, बाटलीतल्या पाकाचं नको. सगळं एकाच दिवशी सांगू नका, कार्डावर एकच बदल लिहा आणि पुढच्या तपासणीला तेवढंच विचारा.